वाचक विचारतात: पोराला वरच्या संघात कधी पाठवायचं?

मागच्या अंकात अमेरिकेच्या बेसबॉलमधल्या मायनर लीगवर, म्हणजे मेजर लीग या सर्वांत वरच्या स्पर्धेखालच्या संघांवर, लेख आला होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. काही बेसबॉलबद्दल विचारतात, काहींना स्वतःच्या पोराची काळजी आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : तुमच्या लेखात एकोणीस वर्षांच्या गुणी पोरांना चार-चार वर्षं खालच्या संघांत ठेवतात असं वाचलं. आपल्याकडे वैभव सूर्यवंशीनं चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये शतक ठोकलं. अमेरिकेतले लोक जरा जास्तच भित्रे नाहीत का? – एक वाचक, कराड

भित्रे नाहीत, पोळलेले आहेत. १९७३ च्या जून महिन्यात टेक्सस रेंजर्सनं डेव्हिड क्लाइड नावाच्या अठरा वर्षांच्या डावखुऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि सव्वा लाख डॉलर बोनस दिला. शाळेचा शेवटचा सामना संपून तीन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात २७ जूनला त्याला थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. क्लबला मैदान भरायचं होतं आणि ते भरलंही, पस्तीस हजारांवर लोक आले. क्लाइडनं पाच डाव टाकले, एकच हिट दिली, म्हणजे फटका मारून एकच जण बेसवर पोचला, आठ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि सामना जिंकला.

टाळ्यांच्या कडकडाटात त्या दिवसाचा एक आकडा कुणी पाहिला नाही. त्यानं सात फलंदाजांना वॉक दिले होते, म्हणजे चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेसवर पाठवलं होतं. शाळकरी फलंदाज बाहेरच्या चेंडूवरही बॅट फिरवतो, त्यामुळे शाळेत हे खपून गेलं होतं. मेजर लीगचा फलंदाज थांबतो, आणि मग पिचरला चेंडू मधोमध आणावाच लागतो. एक-दोन सामने झाले की पोराला खाली पाठवायचं असं ठरलं होतं. पण गर्दी येत राहिली आणि त्याला वरच ठेवलं. त्या हंगामात तो चार जिंकला, आठ हरला. पुढे खांदा गेला, १९७९ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. एकूण हिशेब १८ विजय, ३३ पराभव.

आता सूर्यवंशी. २८ एप्रिल २०२५ ला जयपूरमध्ये गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक, याला तोड नाही. पण आयपीएलमध्ये साखळीचे सामने चौदा. बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा, जवळजवळ रोज एक. फलंदाज एकाच सामन्यात चार-पाच वेळा उभा राहतो. आतल्या उंच चेंडूवर तो अडकतो हे आठवड्याभरात तीसही क्लबांना कळतं आणि मग त्याला दुसरा चेंडू मिळतच नाही. ही दुखणी खालच्या पातळीवर उघडी पडावीत आणि तिथंच बरी व्हावीत, यासाठी या पायऱ्या आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार, आणि त्यांच्याही खाली नवख्यांच्या लीग.

घाई वयावरून मोजू नका. वॉशिंग्टनचा हुआन सोटो २०१८ मध्ये एकोणिसाव्या वर्षी वर आला, आणि तोही त्याच हंगामात तीन पायऱ्यांवर मिळून फक्त ३९ सामने खेळून. त्याच वर्षी त्यानं मेजर लीगमध्ये ११६ सामन्यांत ७९ वॉक मिळवले. बाहेरचा चेंडू सोडायचं कसब तो खालूनच घेऊन आला होता. क्लाइड त्याच्यापेक्षा एकच वर्षानं लहान होता, पण त्याला ज्याची गरज होती ते शिकायची संधीच मिळाली नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमचा पिचर पंधरा वर्षांचा आहे, हात जबरदस्त आहे. शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि आता जिल्ह्याच्या मोठ्या मुलांच्या संघातूनही बोलावणं आलंय. त्याच्याकडून किती चेंडू टाकून घ्यावेत? – क्रीडाशिक्षक, मिरज

सर, आधी एक संघ कमी करा, मग चेंडू मोजू. एकाच काळात दोन संघांसाठी पिचिंग करायचं नाही, हा पहिला नियम. क्लबच्या प्रशिक्षकाला शाळेतले चेंडू ठाऊक नसतात आणि तुम्हाला क्लबमधले, पण खांद्यात सगळ्यांची बेरीज होते.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' ही मार्गदर्शक तत्त्वं काढली. पंधरा-सोळा वयासाठी एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू. विश्रांती अशी : ३० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकता येतात. ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ७५ ला तीन आणि ७६ पासून पुढे चार दिवस. म्हणजे सोमवारी सत्तर टाकले तर मंगळ, बुध, गुरू हात बंद, शुक्रवारी पुन्हा. चौदा आणि त्याखालच्या मुलांसाठी हिशेब आणखी कडक आहे, त्यांना ६६ चेंडूंनाच चार दिवस लागतात. वर्षभरात १०० डावांच्या वर नको. आणि वर्षात चार महिने पिचिंग, थ्रो सगळं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग.

आपल्याकडची खरी अडचण स्पर्धेच्या रचनेत आहे. एका दिवसात दोन, कधी तीन सामने उरकतात आणि सगळे सामने एकाच पोरावर जिंकायचे असतात. सकाळी ५० आणि दुपारी ४५ टाकले की दिवसाची मर्यादा कागदावर बरोबर बसते, पण मधल्या दोन तासांत गार पडलेला हात दुपारी पुन्हा तापवताना आणखी तीस-चाळीस चेंडू जातात आणि ते कुठल्याच वहीत नसतात. म्हणून एका दिवसात त्याला एकाच सामन्यात टाकू द्या. दुसऱ्या सामन्यात फर्स्ट बेसवर उभा करा, तिथं थ्रो कमी असतात. कॅचर मात्र करू नका. कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली तेवढेच थ्रो.

मोजायचं काम स्कोअररकडे द्या, प्रशिक्षकाकडे किंवा वडिलांकडे नको. सामना रंगला की त्या दोघांचं गणित हमखास चुकतं. वहीत पाच-पाचच्या रेघा ओढल्या तरी पुरे.

आकड्याच्या आधी थकवा दिसतो, तो बघायला शिका. चेंडू सुटताना कोपर खांद्याच्या रेषेखाली येऊ लागतं. गुडघ्यावर जाणारे चेंडू छातीवर जायला लागतात. दोन चेंडूंमधला वेळ वाढतो, पोरगं टोपी काढतं, बूट बांधतं, हात झटकतं. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की चाळीसच चेंडू झालेले असले तरी त्याला काढा. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पौगंडवयातल्या पिचरांचा अभ्यास केला, तेव्हा हात थकलेला असतानाही वारंवार टाकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट जास्त दिसली. इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच कारणात दिसला नाही. कर्व्हबॉलला, म्हणजे वळून खाली पडणाऱ्या चेंडूला, लोक उगीच जास्त शिव्या देतात. सरळ वेगवान चेंडू आणि चेंजअप (त्याच हालचालीनं टाकलेला संथ चेंडू) हातात पक्का बसला की मग कर्व्ह शिकवायला हरकत नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखणारी जागा असेल तर मलम-पट्टीवर दिवस काढू नका. या वयात तिथली हाडाची वाढपट्टी जुळलेली नसते, आणि स्नायू ओढून ओढून ती हाडापासून सुटायला लागते. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, दोन्ही कोपरांचा एक्स-रे काढून घ्या. एकाच कोपराचा काढला तर उघडी वाढपट्टी वयामुळे तशी आहे की दुखापतीमुळे, ते ठरवणं अवघड जातं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ४५ फुटांवरून, म्हणजे साधारण चौदा मीटरवरून, पंचवीस-पंचवीस हलके थ्रो, मध्ये दहा मिनिटं विसावा, एक दिवसाआड. न दुखता जमलं तर ६० फूट, मग ९०, मग १२०. माउंड, म्हणजे पिचरचा उंचवटा, सगळ्यात शेवटी.

राहिले चार महिने. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून परीक्षा आणि मग ऊन, त्यामुळे मध्य फेब्रुवारी ते मध्य जून सहज मोकळा मिळतो. पण एप्रिल-मेची शिबिरं नेमकी इथं घाला घालतात. शिबिराला पाठवा, पण धावणं, फलंदाजी आणि पायाचा व्यायाम एवढंच, हे प्रशिक्षकाला आधी स्पष्ट सांगून.

प्रश्न : आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतरा वर्षांची असताना जगज्जेती झाली. तिला कुणी 'थांब' म्हटलं असतं तर? माझी मुलगी धनुर्विद्याच शिकते. – पालक, सातारा

तिला कुणी थांबवलं नाही ते बरोबरच झालं, आणि त्याचं कारण तिच्या खेळातच आहे. तिच्या कम्पाउंड प्रकारात (चाकं बसवलेलं धनुष्य) अठरा वर्षांखालच्या मुलींना आणि मोठ्यांना अंतर एकच, पन्नास मीटर. लक्ष्यही तेच, बाणही ७२ च. जुलै २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकच्या युवा जागतिक स्पर्धेत अदितीनं ७२० पैकी ७११ गुण मिळवले. पन्नास मीटरवरचे ७११ म्हणजे ७११, बाजूला कोण उभं आहे यानं ते बदलत नाहीत. पुढच्याच महिन्यात बर्लिनला वरिष्ठांच्या अंतिम फेरीत तिनं १४९–१४७ असा विजय मिळवला, तेव्हा आकडे जाणणाऱ्यांना धक्का बसला नसेल.

जिथं समोरचा तुमच्या खेळात ढवळाढवळ करत नाही, म्हणजे धनुर्विद्या, नेमबाजी, भारोत्तोलन अशा खेळांत, खालच्या पातळीवरचा आकडा वर जसाच्या तसा नेता येतो. बेसबॉल, कुस्ती, क्रिकेट यांत तो नेता येत नाही, कारण तिथं आकडा दोघांचा मिळून बनतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत वय बघू नका, सरावातले गुण बघा. आठ-दहा वेळा पूर्ण ७२ बाण मारून सरासरी काढा. सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट दिवसात फरक जास्त असेल तर अजून थोडं खालीच खेळू द्या. फक्त धनुष्याची ताकद वाढवण्यात घाई नको. शेवटच्या दहा बाणांत डावा खांदा वर चढायला लागला, तर ते पौंड तिला झेपत नाहीयेत.

प्रश्न : आमच्याकडे ऊस बारा महिन्यांत तोडला की उतारा पडतो, आडसालीला सोळा-अठरा महिने द्यावेच लागतात. पोरांचंही तसंच ना? थांबलं की गोडी येते? – शेतकरी वाचक, तासगाव

अर्धं पटलं. पण महिने भरले म्हणून तुम्ही तोड घेत नाही, हँड रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसाच्या गोडीचा आकडा) बघता, आणि शेंड्याचा व बुडख्याचा आकडा जवळ आला की मग कोयता. पोरालाही नुसतं थांबवून गोडी येत नाही, शिवाय मोजायलाही लागतं.

बेसबॉलमध्ये सरासरीवर, म्हणजे हिटांच्या प्रमाणावर, कुणी फार विसंबत नाही, ती नशिबानं वर-खाली होते. लवकर स्थिर होतात ते दोन आकडे : शंभर वेळा उभा राहिल्यावर किती वेळा स्ट्राइकआउट आणि किती वेळा वॉक. पायरी चढल्यावर पहिले काही आठवडे स्ट्राइकआउट वाढणारच. ते पुन्हा उतरले की त्यानं नवी पायरी पचवली. चढतच राहिले तर वर पाठवण्याची बोलणी बंद.

एवढं करूनही चुकतं. बॉल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे एकाच वर्षात, २०२३ मध्ये, चारही पायऱ्या चढला, त्यात १०१ वॉक घेतले. एप्रिल २०२४ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि ३४ फलंदाजीत दोन हिट, अठरा स्ट्राइकआउट. सोळा दिवसांत त्याला ट्रिपल-एला परत पाठवलं. ३१ जुलैला पुन्हा बोलावलं, आणि त्याच दिवशी त्यानं ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला. माइक ट्राउटही २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ४० सामन्यांत .२२० सरासरीवर अडखळला होता, पुढचा हंगाम त्यानं ट्रिपल-एमध्ये सुरू केला आणि त्याच वर्षी एकमतानं 'रूकी ऑफ द इयर' (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला. लवकर वर नेण्यात फार मोठा धोका नसतो, परत आणायला उशीर केला की मात्र पोरगं हातचं जातं. खाली पाठवणं हा अपमान मानला जातो तिथं हे औषध चालत नाही, आणि आपल्याकडच्या गावकीत तो मानला जातो.

वर नेऊन बाकावर बसवणं त्याहून वाईट. १९४७ ते १९६५ दरम्यान अमेरिकेत ठरावीक रकमेपेक्षा जास्त बोनस घेतलेल्या नवख्याबाबत एक नियम होता. पन्नासच्या दशकात तर त्याला दोन वर्षं मेजर लीगच्याच संघात ठेवावं लागे. सँडी कोफॅक्स हा पिचर या नियमामुळे १९५५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ब्रुकलिनला आला. त्याला नियमित सामने मिळेनात, नियंत्रण सुधारेना. पहिल्या सहा वर्षांत ३६ विजय, ४० पराभव. तो पुढे महान झाला हे खरं, पण त्याच नियमाखाली आलेले बहुतेक जण कुणाला आठवतही नाहीत.

प्रश्न : क्लब पैसे वाचवण्यासाठीही तयार खेळाडूला मुद्दाम खाली ठेवतात असं ऐकलं. खरं आहे का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, फलटण

खरं आहे. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस राहिलं की सेवेचं एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, कुठल्याही क्लबशी सौदा करू शकतो. हंगाम १७२ दिवसांपेक्षा दोन आठवड्यांनी मोठा असतो. म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे पोराला खाली ठेवलं की क्लबला तो सातवं वर्षही मिळतो. शिकागो कब्सच्या क्रिस ब्रायंटचे २०१५ मध्ये बरोबर १७१ दिवस भरले. त्यानं तक्रार केली, २०२० मध्ये तो हरला. २०२२ च्या करारात थोडी दुरुस्ती झाली : रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळते, आणि उमेदीच्या खेळाडूला सुरुवातीपासून वर ठेवणाऱ्या क्लबला जादा ड्राफ्ट निवड मिळू शकते.

म्हणजे क्लाइडला तिकिटांच्या पैशासाठी लवकर वर नेलं आणि ब्रायंटला करारातल्या पैशासाठी उशिरा. क्लबच्या 'त्याच्या भल्यासाठी'वर कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, ते यामुळे.

घाईचा एक हिशेब क्लबलाही भोवतो. क्लबच्या चाळीस जणांच्या मुख्य यादीत घेतलेल्या खेळाडूला साधारण तीनच हंगामांत मनाप्रमाणे खाली-वर करता येतं. अपुऱ्या तयारीचा पोरगा लवकर यादीत आला, तर शिकण्यातच हे तीन हंगाम संपतात आणि नेमकं स्थिरावायच्या वेळी त्याला वर ठेवा नाहीतर सोडा, असा पेच येतो.

प्रश्न : पुतण्या सतरा वर्षांचा, वजन ७४ किलो. जत्रेच्या मैदानात पंचविशीच्या मल्लाशी मोठ्या इनामाची जोड ठरवतायत. लावावी का? – विटा

लावू नका. आंतरराष्ट्रीय नियमांतही सतरा वर्षांचा मल्ल वरिष्ठ गटात उतरत नाही, अठराव्या वर्षीही वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकांची संमती लागते. मैदानात जोड डोळ्यांच्या अंदाजानं ठरते, दहा-बारा किलोंचा फरक कपड्यांत झाकला जातो. वयाच्या जोडीशी खेळवायचं असेल तर दोघांनाही तिथंच काट्यावर उभं करा, वस्तादांना समोर ठेवून. आणि महाराष्ट्र केसरीचा गट ८६ किलोपासून सुरू होतो म्हणून वर्षभरात त्याला बारा किलो चढवायच्या फंदात पडू नका. ते वजन बहुतेक पोटावर चढतं, आणि त्याचा भार त्याच्या गुडघ्यांना सोसावा लागतो.

प्रश्न : भाचा बेसबॉल चांगला खेळतो, चौदा वर्षांचा आहे. अमेरिकेच्या क्लबनं घ्यावं यासाठी आत्तापासून काय करावं? एक जण चाचणी घडवून आणतो म्हणतोय. – कवठेमहांकाळ

अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला सोळावं पूर्ण झाल्याशिवाय करार करता येत नाही, आणि पहिल्या हंगामात एक सप्टेंबरपर्यंत सतरावं पूर्ण व्हावं लागतं. म्हणजे हातात दोन वर्षं आहेत आणि घाई करून ती कमी होणार नाहीत. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे दोघे भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतले, तेव्हा ते मोठी मुलं होते आणि बेसबॉल नव्यानं शिकत होते. दोघंही मायनर लीगच्या वर गेले नाहीत. भाच्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार यांवर नाव व जन्मतारीख अक्षरशः एकसारखी करून घ्या, पासपोर्ट काढून ठेवा. सामन्यांचे व्हिडिओ ठेवा, त्यात बाद झालेलेही ठेवा. चाचणी घडवणारा आगाऊ पैसे मागत असेल तर तिथूनच परत फिरा. क्लबचा स्काउट (खेळाडू हेरणारा) खेळाडूकडून पैसे घेत नाही.